पाण्यातल्या करंज्या : आजीच्या चीज वारेनिकी, विरजणापासून ताटापर्यंत

आमच्या घरात करंज्या दोन प्रकारच्या. दिवाळीत तेलातल्या आणि थंडी पडली की पाण्यातल्या. पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात, मग ताटात बघतात आणि म्हणतात, "अरे, हे तर मोमो!" मोमो नव्हेत. मोमो वाफेवरचे, हे उकळत्या पाण्यात शिजतं आणि आत आंबूस चीज असतं. मूळ नाव वारेनिकी. तो शब्द मुळातच अनेकवचनी आहे, पण आजीने त्याचं पुन्हा अनेकवचन करून 'वारेनिक्या' केलं, आणि ते तोंडात बसेना म्हणून शेवटी 'पाण्यातल्या करंज्या'.

आजोबा नाशिकजवळच्या ओझरला विमानांच्या कारखान्यात, म्हणजे 'मिग'मध्ये होते. कारखान्याला एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) म्हणणारे आमच्याकडे कमीच. १९६४ मध्ये सोव्हिएत सहकार्याने मिग-२१ विमानं बांधायला हा कारखाना निघाला, आणि तिकडच्या तंत्रज्ञांची कुटुंबं टाउनशिपमध्ये राहायला आली. त्यातल्या एका युक्रेनी बाईंकडून आजी हे शिकली. दोघींची भाषा एक नव्हती, पण दूध दोघींकडे रोज उरायचं. आजीने बदल्यात पुरणपोळी शिकवली. ती तिकडे कुणी पुढे केली की नाही, देव जाणे. इकडे वारेनिकी मात्र आमच्या तिसऱ्या पिढीत आली, आणि हल्ली घरात ती मीच करतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हा पदार्थ फसण्याची कारणं वरवर पाच-सहा दिसतात, पण मुळाशी गेलात तर प्रत्येक वेळी सापडतं ते पाणी. सारणातलं, कडेवरचं, ताटाखाली साचलेलं. खाली जिथे जिथे मी कटकट केल्यासारखा वाटेन, तिथे ती पाण्याबद्दलच असेल.

बाजारातलं पनीर का नको, चक्का का नको

पहिल्यांदा मी शहाणपणा केला आणि तयार पनीर किसून भरलं. करंज्या फुटल्या नाहीत, पण खाताना दात आणि पनीर यांच्यात कचकच आवाज यायला लागला. पनीर उकळत्या दुधात लिंबू किंवा व्हिनेगर घालून फाडतात. तेवढ्या उष्णतेत दुधातली प्रथिनं घट्ट जाळं धरतात, म्हणून ते भाजीत टिकतं आणि सारणात रबरासारखं लागतं. शिवाय त्याला आंबटपणा नसतो, आणि या पदार्थाचा जीव आंबटपणात आहे.

दुसऱ्यांदा दसऱ्याच्या सुमारास एका डेअरीतून श्रीखंडाचा चक्का आणला. तो बोटाला घट्ट लागत होता, म्हणून मी निर्धास्त होतो. पातेल्यात बारा करंज्या सोडल्या, तिसऱ्या मिनिटाला एकीच्या कडेतून पांढरा धूर निघाल्यासारखं दूध सुटलं, मग दुसरीतून, आणि पाच मिनिटांत मैद्याच्या पिशव्या पोहणारी पातळ खीर तयार झाली. आत्या गॅसजवळ उभी होती. म्हणाली, "साखर घाल रे आता, प्रसाद म्हणून वाटू." चक्का कधी तापवलेला नसतो. त्याने धरून ठेवलेलं पाणी उकळत्या पातेल्यात सुटतं आणि सारण सैल होतं.

आपल्याला हवं ते या दोहोंच्या मधलं. आधी दूध विरजायचं, मग ते दही अगदी मंद आचेवर तापवून त्याचं ठरवून चोथापाणी करायचं. एरवी दुधाचं चोथापाणी झालं की आपण हळहळतो, इथे तेच करायला बसायचं. रशियन भाषेत या चीजला त्वोरोग म्हणतात. ते रवाळ, भुसभुशीत आणि किंचित आंबट असतं.

दोन दिवस आधी : दही

साधारण चाळीस करंज्यांना दोन लिटर दूध लागतं. गाईचं सुट्टं दूध उत्तम, पिशवीतलं ३ टक्के स्निग्धांशाचं टोण्डही चालतं. म्हशीचं असेल तर तापवून, गार करून वरची साय काढा. फार स्निग्ध सारण कडेला तुपकट करतं आणि तुपकट कड चिकटत नाही. काढलेली साय टाकायची नाही, तिचं काम शेवटी आहे. टेट्रापॅकचं दूध मात्र टाळा. त्याचं दही तापवलं तरी चोथा सैलच राहतो.

दूध उकळून कोमट करा. करंगळी बुडवून दहा आकडे आरामात मोजता आले की विरजणाची वेळ झाली. दोन मोठे चमचे ताजं दही थोड्या दुधात फेटून मिसळा. उन्हाळ्यात सहा-सात तासांत दही लागतं. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे कठीण असतं. ओझर निफाड तालुक्यात, आणि निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी दर एक-दोन वर्षांनी असतेच. द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात आणि आम्ही दह्याच्या पातेल्याला जुनी शाल गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवतो. चौदा तासही लागतात. घाई करून विरजण वाढवू नका, दही चिकट होतं.

भांडं स्टीलचं घ्या. नाशिक म्हणजे तांब्या-पितळेचं गाव, भांडी बाजारातून आणलेलं आजीचं पितळी पातेलं मलाही मोहात पाडतं. पण कल्हई उडाली असेल तर त्यात दही कळकतं, आणि कळकलेलं दही फेकण्याच्याच लायकीचं.

दही तापवणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. दही नीट घट्ट लागलं की सुरीने उभे-आडवे काप द्या, दोन-दोन इंचांचे चौकोन होतील असे. ढवळू नका. एका मोठ्या पातेल्यात तळाशी जुना पंचा दुमडून ठेवा, त्यावर दह्याचं भांडं ठेवा आणि बाहेरच्या पातेल्यात दह्याच्या पातळीइतकं पाणी ओता. गॅस बारीक.

वीसेक मिनिटांनी कडेने हिरवट-पिवळी निवळी दिसू लागेल. दह्याचे चौकोन आक्रसतात, एकमेकांपासून सुटतात आणि हळूहळू तरंगतात. या वेळी झाऱ्याने एकदाच, खालचा भाग वर येईल इतपत, हलक्या हाताने फिरवा. निवळीत बोट बुडवा : चटका बसत नाही, पण दहा मोजेपर्यंत ठेववतही नाही, इतकी ऊब हवी. थर्मामीटर असेल तर ५० अंश सेल्सिअसच्या आसपास. ६० च्या वर गेलं की चोथा कोरडा, कणीदार आणि चिवट होतो, आणि ४० च्या खाली राहिलं तर चक्काच मिळतो. एकूण पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. मग गॅस बंद करून भांडं तसंच तासभर गार होऊ द्या. आई या वेळात भाजी निवडते. मी दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघतो, ज्याने काहीही फायदा होत नाही.

चाळणीवर मलमलचं कापड पसरून चोथा ओता, पुरचुंडी बांधून नळाला किंवा खुंटीला चार-पाच तास टांगा. मार्च ते मे फ्रीजमध्येच टांगा, नाहीतर संध्याकाळपर्यंत तोंड वाकडं होईल इतका आंबट होतो. शेवटी पुरचुंडी पाटावर ठेवून वर वरवंटा, एक तास. वरवंटा नसेल तर पाण्याने भरलेला कुकर.

आता परीक्षा. लिंबाएवढा गोळा मुठीत दाबा. गोळा बांधला गेला पाहिजे, बोटाने टोचला की भुगा झाला पाहिजे आणि तळहात ओला दिसता कामा नये. ओला दिसला तर अजून तासभर वरवंटा. दोन लिटरला साधारण ३५० ते ४०० ग्रॅम चोथा हाती येतो, आणि दीड लिटरभर निवळी. त्यातली वाटीभर कणकेसाठी बाजूला काढा. उरलेल्या निवळीत आमच्याकडे थालीपिठाचं पीठ भिजतं किंवा कढी होते.

पारी

मैदा ३०० ग्रॅम, अर्धा चमचा मीठ, एक मोठा चमचा तेल आणि गरम निवळी साधारण १५० मिलिलिटर. सगळी निवळी एकदम ओतू नका, शेवटचे दोन चमचे हात बघून घाला. गरम पाण्याने मैद्याची ओढ कमी होते, म्हणून लाटलेली पारी पुन्हा आखडत नाही. कणीक पुरीच्या कणकेपेक्षा सैल आणि पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. दहा मिनिटं मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा.

मैद्याला नाक मुरडणाऱ्यांसाठी : निम्मी कणीक, निम्मा मैदा चालतो. पूर्ण गव्हाची केलीत तर मुरडीपाशी चिरते. मी दोनदा करून बघितली आहे, तिसऱ्यांदा करणार नाही.

सारण : गोड आणि तिखट

युक्रेनी बाई चोथ्यात अंड्याचा बलक घालायच्या, सारण बांधून धरायला. आजीच्या स्वयंपाकघराचा उंबरा अंड्याने कधी ओलांडला नाही. तिने बलकाऐवजी दीड मोठा चमचा बारीक रवा घातला, आणि माझं मत विचाराल तर हे मूळ कृतीहून बरं झालं. रवा उरलासुरला ओलावा पितो आणि करंजी उकळताना आतल्या आत शिजतो.

चोथा हाताने चोळून किंवा पुरणयंत्रातून काढून सारखा करा, रवा मिसळा आणि पंधरा मिनिटं झाका. साखर आणि मीठ यात आत्ता घालायचं नाही. दोन्ही पाणी ओढून काढतात. पारी लाटून तयार झाली की मगच सारणात घाला. ही एक गोष्ट कळायला मला तीन हिवाळे लागले.

गोड सारणाला तीन मोठे चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ, वेलची आणि मूठभर बेदाणे. बेदाणे भिजवू नका, कोरडेच चिरून घाला, आतला ओलावा तेही शोषतात. पिंपळगावकडच्या एका बागाईतदार नातेवाइकांकडून आमचे येतात, आंबटगोड, जरा काळपट. दिसायला सोनेरी नाहीत पण चवीला खरे.

तिखट सारण ऐकून लोक दचकतात, कारण त्यात शेपू आहे. तिकडे ताज्या चीजबरोबर शेपू अगदी नेहमीचा, आपल्या बटाट्यावर कोथिंबीर असावी तसा. आजीला हे कळलं तेव्हा ती म्हणे पोट धरून हसली होती, कारण घरात शेपूची भाजी केली की आजोबा जेवायला उशिरा यायचे. शेपूची कोवळी पानंच घ्या, देठ नकोत. धुऊन फडक्यावर पूर्ण सुकवून बारीक चिरा, अर्धी वाटी पुरे. सोबत मीठ आणि भरडलेली मिरी. आई एक हिरवी मिरची घालते. मूळ कृतीत ती नाही, पण नाशिकमध्ये राहून बिनमिरचीचं खाणं किती दिवस चालणार? शेपू न खाणारी माझी भाची या करंज्या सहा-सात खाते. आत काय आहे ते आम्ही तिला अजून सांगितलेलं नाही.

लाटणं, भरणं आणि मुरड

कणकेचे तीन भाग करा. एक लाटायला घ्या, दोन झाकलेले राहू द्या. मोठी पोळी दीड-दोन मिलिमीटर जाड लाटायची. पोळपाटाची नक्षी अंधूक दिसू लागली की थांबा, स्पष्ट दिसली तर फार पातळ झाली. सात-आठ सेंटिमीटर तोंडाच्या वाटीने गोल कापा. उरलेल्या कडा गोळा करून पुन्हा मळा, पण दहा मिनिटं विसावा दिल्याशिवाय लाटू नका.

मधोमध चहाचा एक भरलेला चमचा सारण ठेवा, साधारण दहा ग्रॅम. हात सैल सोडून जास्त भरायचा मोह होतो, आणि फुटलेल्या दहा करंज्यांपैकी सहा याच मोहाने फुटलेल्या असतात. पारी दुमडा. आधी मधला बिंदू चिमटा, मग दोन्ही बाजूंनी आतली हवा बाहेर ढकलत टोकांपर्यंत या. हवा राहिली की ती पाण्यात फुगते आणि जिथे कड कच्ची असेल तिथून वाट काढते. कडेवर कोरडं पीठ नको, सारणाचा कण नको. पारी ताजी असेल तर पाण्याचं बोटही लावायची गरज नाही. सुकली असेल तरच ओलं बोट फिरवा.

मग मुरड. आत्या करंजीला घालते तशीच घालते : अंगठ्याने कड पुढे दुमडायची, तर्जनीने दाबायची, पुन्हा पुढे. तिची मुरड दोरीसारखी सारखी. ज्या बाईंनी हे शिकवलं त्यांचीही अगदी तशीच असायची म्हणे, आणि आजीला खरा धक्का चीजचा नव्हे, त्या मुरडीचा बसला होता. माझ्या बोटांना ती येत नाही. मी दोनदा घट्ट चिमटतो आणि काट्याने दाबतो. दिसायला शाळेच्या डब्यातल्या सँडविचसारखी होते, पण फुटत नाही.

तयार करंज्या बारीक रवा भुरभुरलेल्या कोरड्या फडक्यावर, एकमेकींना न लागता ठेवा. स्टीलच्या ताटात नको. खालून घाम धरतो, पारी चिकटते आणि उचलताना तळ तिथेच राहतो. अर्ध्या तासात उकळायच्या नसतील तर फ्रीझरमध्ये.

उकळणं

रुंद पातेलं, तीन लिटर पाणी, एक मोठा चमचा मीठ. खळखळ उकळी आली की दहा-बारा करंज्या एकेक करून सोडा आणि लगेच झाऱ्याच्या उलट्या टोकाने तळाशी एकदा हलवा, नाहीतर त्या तळाला बसतात. यानंतर हात लावू नका. दोन-तीन मिनिटांत वर येतील. वर आल्यावर गॅस मध्यम करून अजून तीन मिनिटं. उकळी मंदच हवी, जोराच्या उकळीत त्या एकमेकींवर आपटतात. एक काढून मुरडीच्या सगळ्यात जाड भागातून कापा. मध्ये पांढरी कच्ची रेघ दिसली तर आणखी एक मिनिट.

झाऱ्याने काढा, पाणी पूर्ण निथळू द्या आणि आधीच लोणी किंवा तूप घातलेल्या खोलगट भांड्यात टाकून भांडंच हलवा. चमचा फिरवू नका.

वर काय

दूध तापवून काढलेली साय आठवते? दोन दिवसांची साय, एक चमचा दही, रात्रभर बाहेर. सकाळी गार करून चमच्याने हलकी फेटा. तिकडे याला स्मेताना म्हणतात, आपल्याकडे ही लोण्यासाठी विरजलेली साय. जास्त फेटलंत तर लोणी सुटेल, म्हणून रवी नको.

गोड करंज्यांवर ही साय आणि थोडी साखर. युक्रेनमध्ये चेरीचा पाक घेतात. आम्ही जानेवारी-फेब्रुवारीत सापुतारा रस्त्यावर सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी मिळते ती आणतो. पाव किलो स्ट्रॉबेरीला दोन चमचे साखर, झाकण ठेवून पाच मिनिटं, बास.

तिखट करंज्यांना कांदा. दोन मोठे लाल कांदे पातळ उभे चिरून लोण्यात, बारीक गॅसवर वीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटेल. नंतर एकदम रंग बदलतो, तेव्हा जागचे हलू नका. लासलगाव हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आमच्या घरी कांद्याचं प्रमाण कुणी मोजत नाही. करंज्यांइतकाच कांदा असतो.

उरलं तर

कच्च्या करंज्या ताटात प्लास्टिक अंथरून, सुट्या-सुट्या, दोन तास फ्रीझरमध्ये कडक करा आणि मग पिशवीत भरा. महिनाभर राहतात. उकळताना बाहेर काढून मऊ होऊ देऊ नका, गोठलेल्याच सोडा आणि दोन मिनिटं जास्त द्या.

सारण उरलं तर त्याची वेगळी गंमत आहे, तिकडे तिला आळशी वारेनिकीच म्हणतात. २५० ग्रॅम सारणाला चार-पाच मोठे चमचे मैदा मिसळून मऊ गोळा करा, पोळपाटावर अंगठ्याएवढी जाड वळी वळा, तिरके इंच-इंचाचे तुकडे कापा आणि तसेच उकळा. वर आल्यावर तीन मिनिटं. मुरड नाही, भरणं नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांनी चोथा जमतोय का ते बघायला आधी हेच करावं.

आणि शिजवलेल्या उरल्या तर सकाळी तव्यावर थोडं तूप सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. आत्या रात्री मुद्दाम आठ-दहा जास्त उकळते, फ्रीजमध्ये मागच्या कप्प्यात झाकून ठेवते आणि सकाळी आम्ही उठायच्या आत चहाबरोबर संपवते.